आकाशातली दहा बाय दहाची खोली

परवा लॅमिंग्टन रोडला जाण्याचा योग आला. त्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकरांचे नाव देऊन कैक वर्षे झाली. पण इलेक्ट्रॉनिक्सचा एखादा सुटा भाग हवा असला की मुंबईतला विद्यार्थी आजही ‘लॅमिंग्टनला जाऊन येतो’ असेच म्हणतो. बरोबर आमच्या लालबागच्या चाळीतली एक मुलगी होती. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवले, त्यामुळे चाळीतली मुले अशा खरेदीला मला हक्काने ओढून नेतात. तिने दुकानदारापुढे चिठ्ठी ठेवली. एक मायक्रोकंट्रोलर, तापमान मोजणारी एक चिप, थोडे रेझिस्टर, कनेक्टर आणि वायरचे एक वेटोळे. सगळा माल एका छोट्या पिशवीत मावला.

दुकानदाराने सवयीने विचारले, ‘‘प्रोजेक्ट काय आहे?’’

ती म्हणाली, ‘‘सॅटेलाइट.’’

तो हसला. ‘‘अरे वा! मग वर कधी पाठवणार?’’

यावर मात्र ती गप्प झाली. परतीच्या बसमध्ये बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘‘काका, पाठवायला मिळेल तेव्हा मी कॉलेजात असेन का हो?’’

या प्रश्नाचे उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही. पण गेले काही दिवस तो डोक्यातून जात नाही. कारण उपग्रह आता स्वस्त झाले, अवकाशाचे दरवाजे सर्वांना उघडले, असे आपण रोज वाचतो. ते खरेही आहे. पण काय स्वस्त झाले, त्याने नेमके काय बदलले आणि आपल्या मुलांच्या पदरात त्यातले काय पडायला हवे, याचा विचार मात्र कुणी फारसा करताना दिसत नाही.

मुळात स्वस्त झाले ते भाडे. नासाच्या स्पेस शटलचा सगळा खर्च हिशेबात धरला, तर एक किलो माल पृथ्वीजवळच्या कक्षेत पोचवायला पन्नास हजार डॉलरांहून अधिक पडत. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीने फाल्कन-९ अग्निबाणाचा पहिला टप्पा कामगिरीनंतर परत जमिनीवर उभा उतरवून दाखवला, आणि मार्च २०१७ मध्ये असा एकदा वापरलेला टप्पा पुन्हा उडवला. अख्खा अग्निबाण भरून नेला तर किलोचा दर तीन हजार डॉलरांच्या आत आला. २०१९ मध्ये याच कंपनीने छोट्या उपग्रहांसाठी वाटणीच्या फेऱ्या जाहीर केल्या. दर होता २०० किलोंना १० लाख डॉलर. पुढे तो काहीसा चढला, पण पूर्वीच्या मानाने आजही तो नगण्यच. आपली ‘इस्रो’ही या धंद्यात नवखी नाही. २६ मे १९९९ रोजी पीएसएलव्हीने आपल्या ओशनसॅटबरोबर एक कोरियन आणि एक जर्मन असे दोन छोटे पाहुणे वर नेले, आणि १५ फेब्रुवारी २०१७ रोजी एकाच फेरीत १०४ उपग्रह सोडून जगाला चकित केले. हा विक्रम पुढे २४ जानेवारी २०२१ रोजी फाल्कनने १४३ उपग्रह नेऊन मोडला.

आता भाड्याचा आणि उपग्रहाच्या घडणीचा संबंध काय? काशीयात्रेला निघालेला जुना माणूस आणि ठाण्याला निघालेला आजचा माणूस यांच्या सामानात जो फरक असतो, तोच. काशीला जन्मात एकदा जायचे. तेव्हा सामानात औषधाच्या पुडीपासून दोरीपर्यंत सगळे हवे, आणि प्रत्येक वस्तू दोन-दोन. ठाण्याला निघालेला माणूस छत्री विसरला तरी बिघडत नाही. उद्या पुन्हा जाता येते.

महागड्या भाड्याच्या काळातला उपग्रह हा असा काशीचा यात्रेकरू होता. एकदा वर गेला की दुरुस्तीला माणूस जाणार नाही, आणि बिघडला तर एवढे भाडे भरून दुसरा पाठवणे परवडणार नाही. म्हणून प्रत्येक महत्त्वाचे यंत्र दोनदा बसवायचे. चिप वापरायची ती अवकाशातला किरणोत्सर्ग सोसणारी, खास बनवलेली, बाजारभावाच्या कित्येक पट महाग आणि तंत्राच्या दृष्टीने अनेकदा काही वर्षे जुनी. त्यातच प्रत्येक ग्रॅमला भाडे, म्हणून इंजिनिअरांनी महिनोन्‌महिने वजन खरवडत बसायचे. यामुळे उपग्रह आणखी महाग होई. महाग झाला म्हणून तो आणखी जपावा लागे, आणि जपण्यापायी आणखी महाग होई. हे चक्र कित्येक वर्षे फिरत राहिले. त्यात कुणाचा मूर्खपणा नव्हता. शंभर रुपये भाडे भरणाऱ्याने पेटीच्या कुलपात दोन रुपये वाचवू नयेत, इतका तो साधा व्यवहार होता.

हे चक्र मोडायला भाडे उतरले तसे आणखी एका गोष्टीने हातभार लावला. ती म्हणजे दहा बाय दहाची खोली. आम्हा गिरणगावकरांना दहा बाय दहा म्हटले की फूट आठवतात. अवकाशात मात्र ते सेंटीमीटर आहेत. १९९९ मध्ये अमेरिकेतले दोन प्राध्यापक, कॅल पॉलीचे जॉर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज यांनी विद्यार्थ्यांसाठी एक माप ठरवून दिले. लांबी, रुंदी, उंची दहा-दहा सेंटीमीटर, वजन किलोभर. नाव ‘क्यूबसॅट’. माप सुचले ते ट्विग्ज यांना एका दुकानात दिसलेल्या, कापडी खेळणे ठेवण्याच्या पारदर्शक डबीवरून. माप एक झाल्यामुळे अग्निबाणावर बसवण्याची पेटीही एक झाली. कुठल्याही देशातला डबा कुठल्याही देशाच्या गाडीत चढू लागला.

अशा खोलीत संसार मांडायचा तर काय करावे लागते, हे लालबाग-परळच्या बायकांना कुणी शिकवायला नको. खाटेखाली ट्रंका, मोरीवर माळा, दाराआड फळी, एकाच वस्तूची तीन कामे. क्यूबसॅटचेही तसेच. बाहेरच्या भिंतींवर सौरपट्ट्या. अँटेना अनेकदा सुताराच्या पोलादी मेजर टेपच्या पट्टीची, कारण ती गुंडाळून बांधता येते आणि दोरा तुटला की आपोआप ताठ उभी राहते. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, म्हणजे आपल्या सीओईपीतल्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ याच मापाचा. अवकाशात उपग्रह गटांगळ्या खाऊ नये म्हणून मोठ्या उपग्रहांत फिरती चाके नि छोटी इंजिने असतात. या मुलांनी आत लोहचुंबक बसवला. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकत्वाने स्थिर होते, तसा हा डबा आपला आपण स्थिर होणार. त्या कामाला वीज लागत नाही आणि बिघडायला फिरता भागही नाही. २२ जून २०१६ रोजी तो वर गेला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आपल्या पवईच्या आयआयटीचा ‘प्रथम’ गेला. तो थोडा मोठा, दहा किलोंचा. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातल्या इलेक्ट्रॉनांची मोजदाद करणे हे त्याचे काम.

आता भाडे उतरल्यावर घडण कशी बदलली ते पाहा. एप्रिल २०१३ मध्ये नासाने तीन उपग्रह सोडले, त्यांचा मेंदू म्हणजे बाजारात मिळणारा मोबाइल फोन होता! नावेही ठेवली ‘अलेक्झांडर’, ‘ग्रॅहम’ आणि ‘बेल’. सुट्या भागांचा खर्च एकेकाला साडेतीन ते सात हजार डॉलर. अवकाशातला एखादा वेगवान कण चिपवर आदळला की आतला एखादा आकडा उलटतो आणि यंत्र अडकून बसते. महाग उपग्रहात हे टाळायला खास चिप लागते. स्वस्त उपग्रहात एक छोटा पहारेकरी ठेवतात. ठरावीक वेळाने ‘जागते रहो’ला उत्तर आले नाही, तर तो सरळ यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो. म्हणजे विचारच बदलला. बिघाड होणारच नाही, असा पूर्वीचा हट्ट होता. आता बिघाड झाला तर सावरायचे, नाही सावरला तर दुसरा पाठवायचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये एका अग्निबाणाच्या स्फोटात प्लॅनेट या कंपनीचे २६ छोटे उपग्रह जळाले. जुन्या काळी एवढ्या घावाने कंपनी बसली असती. हिने पुढचे उपग्रह बांधायला घेतले, आणि २०१७ च्या त्या १०४ मधले ८८ तिचेच होते.

गंमत म्हणजे भाडे फारच उतरल्यावर दहा बाय दहाची सक्तीही ढिली पडली. ग्रॅम वाचवायला इंजिनिअरचा पगार जास्त आणि तो ग्रॅम वर न्यायला भाडे कमी, असे झाले की जाड पत्र्याची साधी चौकट परवडते. बॅटरी मोठी घेता येते, इंधनही जास्त नेता येते. म्हणून धंद्यातले उपग्रह पुन्हा शंभर-दोनशे किलोंकडे सरकले. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांची घरे मिळाली, तेव्हा कुणी त्यांना ‘दहा बाय दहाची शिस्त सोडू नका’ असे सांगायला गेले नाही, आणि ते योग्यच. अडचण हा काही अलंकार नव्हे. पण अडचणीत शिकलेले विसरू नये, एवढे खरे.

वाटणीच्या गाडीची एक अडचण मात्र भाडे उतरूनही जात नाही. गाडी मुख्य प्रवाशाची. कोकणात जाणाऱ्या एसटीने फाट्यावर सोडावे आणि पुढे वाडीपर्यंत पायपीट आपली, तसे छोट्या उपग्रहाला मोठ्याच्या कक्षेजवळ उतरावे लागते. शिवाय शेजारधर्म पाळायचा. डब्यातून बाहेर पडेपर्यंत यंत्र पूर्ण बंद, आणि बाहेर पडल्यावरही अर्धा तास अँटेना उघडायची नाही. शेजाऱ्याच्या डोळ्यात हात जाता कामा नये!

हे सगळे झाल्यावर त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. ‘प्रथम’चे काम पवईच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये सुरू केले. तो उडाला २०१६ मध्ये. ‘स्वयम्’ची सुरुवात २००८ ची. म्हणजे नऊ आणि आठ वर्षे. इंजिनिअरिंगची पदवी चार वर्षांची. ज्यांनी पहिली रेघ ओढली ते उड्डाणाच्या दिवशी कुठल्या कुठे नोकऱ्यांत होते. मधल्या तुकड्यांनी आधीच्यांच्या वह्या वाचायच्या, काही जोडायचे, आणि पुढच्यांच्या हाती देऊन निघून जायचे. विद्यार्थ्यांच्या उपग्रहांना इस्रोने भाड्याचा भार पडू दिला नाही. इथे तर भाडे शून्य! तरीही नऊ वर्षे. तेव्हा अडचण पैशाची कमी आणि कॅलेंडरची जास्त होती, असे मला वाटते. या मुलांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. पण ती चिकाटी आपण फार महाग वापरली.

मी हे शिक्षक म्हणून बोलतो. माझ्या नोकरीत शेवटच्या वर्षाचे शेकडो प्रोजेक्ट पाहिले. परीक्षक येत, दिवा लागे, मार्क पडत आणि प्रोजेक्ट कपाटात जाई. तो सहा महिन्यांनी चालतो का, पावसाळ्याच्या दमटपणात टिकतो का, हे बनवणाऱ्याला कधीच कळले नाही. आपल्या चुकीचा निकाल आपल्या डोळ्यांनी पाहणे, हे इंजिनिअरिंगचे अर्धे शिक्षण. ते आम्ही मुलांना दिलेच नाही, आणि त्याची बोच मला आजही आहे.

आणि हे आपल्याकडे होऊ शकते, याचा पुरावा अगदी पहिल्याच उपग्रहात आहे. १९७२ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. प्रक्षेपण त्यांच्याकडून, मोफत. बंगळूरजवळच्या पीन्यातल्या कारखान्याच्या शेडमध्ये प्रा. यू. आर. राव यांच्या तरुण चमूने ३६० किलोंचा ‘आर्यभट’ बांधला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी तो कक्षेत गेला. तीनच वर्षे. चार-पाच दिवसांत वीजपुरवठ्यात बिघाड होऊन आतले प्रयोग थांबले. पण ज्यांनी तो बांधला त्यांनीच तो बिघाड पाहिला, आणि त्यांनीच पुढचे उपग्रह बांधले. आपल्या उपग्रहविद्येची शाळा तिथे भरली.

अलीकडचे उदाहरण हवे तर ‘आझादीसॅट’चे घ्या. देशभरातल्या ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी त्यातले छोटे प्रयोग तयार केले होते. ७ ऑगस्ट २०२२ रोजी इस्रोच्या नव्या, छोट्या एसएसएलव्ही अग्निबाणाचे पहिलेच उड्डाण फसले आणि मुलींचा उपग्रह गेला. त्या पोरींना काय वाटले असेल! पण १० फेब्रुवारी २०२३ रोजी, म्हणजे सहा महिन्यांत, ‘आझादीसॅट-२’ कक्षेत पोचला. माझ्या मते स्वस्ताईचा खरा अर्थ हा. अपयशानंतरची दुसरी संधी त्याच मुलींना, त्याच शाळेत असताना मिळणे.

आणखी एक सोय इस्रोने केली आहे, ती आमच्या गिरणगावाला लगेच उमजेल. कोकणातून आलेला चाकरमानी आधी गावच्या ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत उतरे. दिवा, पाणी, छप्पर मंडळाचे; त्याने फक्त आपली ट्रंक आणायची. उपग्रह सोडून झाल्यावर पीएसएलव्हीचा चौथा टप्पा वर रिकामा फिरत राहतो. इस्रोने त्यालाच अशी खोली केली. नाव ‘पोएम’. वीज, संदेशवहन, तोल सांभाळणे हे सगळे मंडळाचे. तुम्ही फक्त प्रयोगाची पेटी द्या. ३० डिसेंबर २०२४ ला गेलेल्या ‘पोएम-४’वर अशा २४ पेट्या होत्या. त्यातल्या एकीत चवळीच्या दाण्यांना चार दिवसांत मोड आले. मुंबईच्या अमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशी पाठवल्या होत्या. नवशिक्या विद्यार्थ्याला अख्खा उपग्रह बांधायची गरजच नाही. चवळीला मोड आणणे हाही अवकाशप्रयोगच.

माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, ‘‘स्वस्त झाले की माणूस निष्काळजी होतो. बाजारातली चिप लावायची, बिघडली की दुसरी. ही काय इंजिनिअरिंगची रीत झाली?’’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. भाडे उतरले म्हणून उड्डाणातले हादरे कमी होत नाहीत. निर्वात पोकळीतले ऊन आणि गारठा कमी होत नाही. कंपनाच्या टेबलावरची चाचणी, निर्वात कोठीतली चाचणी, रेडिओ लहरींचा परवाना आणि जमिनीवरचे केंद्र यांचा खर्च तसाच राहतो. ज्याने या चाचण्या टाळल्या त्याने भाडे वाचवले नाही, उपग्रह फेकला. चूक करण्याची मुभा असावी, पण नवीन चूक करण्याची. तीच चूक दुसऱ्यांदा करण्याची नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. चाळीत खोली आपली असते, पण गॅलरी सगळ्यांची. तिथे प्रत्येकाने मोडके पिंप ठेवले तर एक दिवस चालायला वाट उरत नाही. आज दहा हजारांहून अधिक कार्यरत उपग्रह पृथ्वीभोवती फिरत आहेत. १० फेब्रुवारी २००९ रोजी एक चालता अमेरिकन आणि एक निकामी रशियन उपग्रह एकमेकांवर आदळले, त्याचे तुकडे कित्येक वर्षे फिरत राहिले. तेव्हा वर पाठवणाऱ्याने खाली आणण्याची सोय आधी सांगितली पाहिजे. इस्रोने ‘पोएम-३’ला काम संपल्यावर साडेतीनशे किलोमीटरांपर्यंत उतरवले, आणि २१ मार्च २०२४ रोजी ते वातावरणात शिरून संपले. मागे कचरा ठेवला नाही. हा धडा शाळकरी उपग्रहालाही लागू हवा. खालची कक्षा घ्या, थोडे जगा आणि स्वच्छ निघून जा.

मग करायचे काय? माझ्या साध्या बुद्धीला तीन गोष्टी सुचतात. एक, महाविद्यालयांनी दहा वर्षांचा एक मोठा उपग्रह काढण्यापेक्षा दर तुकडीने दोन वर्षांत एक छोटी पेटी पाठवावी, आणि पहिल्या दिवसापासून तिच्या दोन प्रती बांधाव्यात. एक फसली तर दुसरी तयार. दोन, ‘पोएम’सारख्या खोलीत दर फेरीला काही जागा विद्यार्थ्यांसाठी राखीव असाव्यात आणि फेऱ्यांचे वेळापत्रक आधी जाहीर व्हावे. गाडी उशिरा आली तर आपण मुंबईकर सोसतो. ती येणार की नाही हेच ठाऊक नसेल तर घरून निघायचे कसे? तीन, माटुंग्याच्या व्हीजेटीआयपासून पवईच्या आयआयटीपर्यंत या शहरात एवढ्या संस्था आहेत. त्यांनी चाचणीची सामग्री आणि जमिनीवरचे केंद्र वाटून वापरावे. मुंबईत वाटून राहणे आम्हाला नवे नाही.

बसमधून लालबागला उतरलो तेव्हा ती पिशवी तिने छातीशी धरली होती. पिशवीतला माल काहीशे रुपयांचा. वर जाण्याचे भाडेही आता पूर्वीसारखे डोळे पांढरे करणारे नाही. महाग आहेत ती तिची कॉलेजातली उरलेली दोन वर्षे. तेवढ्यात तिची पेटी वर जावी, चालावी किंवा बंद पडावी. पण ते कळवणारा संदेश ऐकायला ती स्वतः कॉलेजातल्या त्या रेडिओसमोर बसलेली असावी.